धावा, पण लंगडत परतू नका!

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला जाऊ लागले, पहाटेच्या हवेत गारवा आला, की मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांतून एक नवा संकल्प जन्म घेतो. ‘उद्यापासून धावायचे!’ चकल्यांनी आणि शंकरपाळ्यांनी आपले काम चोख बजावलेले असते. कचेरीतल्या कोणीतरी जानेवारीतल्या मोठ्या शर्यतीत नाव नोंदवून आपल्यालाही डिवचलेले असते. तुळशीच्या लग्नाच्या आत नवे बूट घरात येतात आणि एके दिवशी भल्या पहाटे स्वारी मैदानावर हजर होते. पहिला आठवडा अपूर्वाईचा जातो. दुसऱ्या आठवड्यात नडगी ठणकू लागते. तिसऱ्यात गुडघा कुरकुरतो. आणि नाताळच्या सुमारास तेच गृहस्थ कठड्याला धरून एकेक पायरी जिना उतरत घरच्यांना सांगत असतात, ‘‘धावणं काही आपल्या प्रकृतीला मानवत नाही हो!’’

मी आयुष्यभर शाळेत ड्रिल शिकवले. निवृत्त झाल्यापासून दादरच्या एका मैदानावर रोज सकाळी दहा-वीस मंडळी माझ्याबरोबर धावतात. त्यांत बँकेतले साहेब आहेत, शिक्षिका आहेत, किराणा दुकानाचे मालक आहेत आणि दोन आज्याही आहेत. दर वर्षी दिवाळीनंतर हा मेळावा दुपटीने वाढतो आणि संक्रांतीपर्यंत पुन्हा निम्मा होतो. गळालेल्यांपैकी आळसाने गळालेले थोडे. दुखण्याने गळालेलेच फार.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ज्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, तिच्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. चाळिशीतल्या माणसाने मोठ्या हौसेने व्यायाम धरला आणि तीन आठवड्यांत पाय दुखावून सोडला, तर तो सहसा पुन्हा मैदानाकडे फिरकत नाही. त्याच्या हातून नुसती एक शर्यत निसटत नाही, पुढली वीस वर्षे निसटतात. म्हणून धावावे कसे, याबरोबरच धावता धावता मोडून पडू नये कसे, हे शिकणे अगत्याचे आहे.

गुडघ्यावरचा आरोप

प्रथम एक गैरसमज दूर करू. ‘धावल्याने गुडघे झिजतात’ हे वाक्य आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या तोंडी इतके बसले आहे, की ते कोणी तपासून पाहत नाही. २०१७ साली वेगवेगळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याचे किंवा खुब्याचे सांधे झिजण्याचे प्रमाण सुमारे साडेतीन टक्के आढळले. न धावणाऱ्या, बैठ्या लोकांत ते सुमारे दहा टक्के होते. पट्टीच्या स्पर्धकांमध्ये मात्र ते तेरा टक्क्यांवर गेले होते. आता, ज्यांचे गुडघे मुळात धड असतात तेच धावत राहतात, हेही त्यात आलेच. तरीसुद्धा बेताने धावणाऱ्याचे गुडघे झिजून जातात, असे काही त्या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

मग दुखते कशाने? माझ्या मते दोन गोष्टींनी: एक, शरीराला न विचारता केलेली घाई, आणि दुसरी, पाऊल पुढे फेकत धावण्याची सवय. पण त्याआधी मुळात धावणे म्हणजे काय, ते समजून घेतले पाहिजे.

धावणे म्हणजे लंगडी

बहुतेकांची समजूत अशी, की धावणे म्हणजे भरभर चालणे. तसे नाही. चालताना एक ना एक पाय सतत जमिनीवर असतो. धावताना क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात आणि मग अंगाचा सगळा भार एकाच पायावर उतरतो. म्हणजे आपण लहानपणी अंगणात जी लंगडी घालत होतो तीच ही. फक्त आलटून पालटून दोन्ही पायांनी घातलेली!

धावताना पाऊल टेकते तेव्हा पायावर शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीइतका भार येतो. सत्तर किलोच्या गृहस्थाच्या पायावर अडीचपटीने धरले तरी दर पावलाला पावणेदोन क्विंटल! अर्ध्या तासात अशी चार-पाच हजार पावले पडतात. हा हिशोब भीती घालण्यासाठी सांगत नाही. आपला पाय हे सहज पेलू शकतो, अशीच त्याची रचना आहे. मात्र जो एका पायावर नीट उभा राहू शकत नाही, त्याने एकदम हजारो लंगड्या घालायला निघावे, हे बरे नव्हे.

घरच्या आरशासमोर एक लहानशी परीक्षा घेऊन पाहा. एका पायावर उभे राहा आणि गुडघा थोडा वाकवून पुन्हा सरळ करा. असे सावकाश दहा वेळा करा. गुडघा आतल्या बाजूला कलतो का? उचललेल्या पायाच्या बाजूची कंबर खाली घसरते का? तसे होत असेल, तर धावताना हजारो वेळा तेच होणार. अशाने आधी कुल्ल्याच्या आणि मांडीच्या स्नायूंना तालीम द्यावी. बुटांची खरेदी मागाहून केली तरी चालेल.

दहा आठवड्यांचा हिशोब

आता घाईचा समाचार घेऊ. धावू लागल्यावर दम टिकायला दोन-चार आठवड्यांत सुरुवात होते. स्नायूही लवकर तयार होतात. पण स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडे यांना बळकट व्हायला महिने लागतात. हाड तर आधी जुना भाग थोडा पोखरते आणि मग नवा भरते. घराची दुरुस्ती करताना जुना गिलावा आधी खरवडावा लागतो, तसेच हे. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात छाती म्हणते ‘चल’ आणि नडगी म्हणते ‘थांब’. माणूस छातीचे ऐकतो.

सुमारे ५,२०० धावणाऱ्यांवर नजर ठेवून केलेला एक अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यातून दिसले, की गेल्या तीस दिवसांतल्या आपल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एखाद्या दिवशी दहा टक्क्यांहून अधिक लांब धावले, की इजेचा धोका वाढतो. आणि दुपटीहून लांब धावले, तर तो सर्वांत जास्त वाढतो. आठवड्याच्या एकूण बेरजेपेक्षा अशी एका दिवसाची उडीच अधिक नडते.

या नियमाने हिशोब करून पाहा. दिवाळीत आपण पाच किलोमीटर आरामात धावत आहात असे धरू. दर आठवड्याला दहा टक्के वाढवत गेलात, तर दहा आठवड्यांनी आपण तेरा किलोमीटरांच्या आसपास पोहोचाल. जानेवारीतल्या अर्ध्या मॅरेथॉनचे अंतर २१ किलोमीटरांहून थोडे जास्त. उरलेले आठ किलोमीटर कुठून आणायचे? ते उसने आणावे लागतात आणि त्याचे व्याज गुडघा भरतो. तेव्हा यंदा दहा किलोमीटरांच्या शर्यतीत नाव घाला. एकवीस पुढल्या वर्षी. मॅरेथॉन कुठे पळून जात नाही!

जो अगदी नव्याने सुरुवात करतो आहे, त्याने एक मिनिट धावावे, दोन मिनिटे चालावे, असे दहा वेळा करावे. झाला अर्धा तास. आठवड्यातून तीन दिवस पुरेत आणि मधले दिवस विश्रांतीचे. वेग किती असावा? शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच. बोलताना धाप लागली, तर वेग जास्त झाला असे समजावे. चाळिशी उलटलेल्यांनी, आणि मधुमेह, रक्तदाब किंवा छातीची काही तक्रार असलेल्यांनी आरंभीच डॉक्टरांना दाखवावे, हे सांगायला नकोच.

डोक्यापासून पावलापर्यंत

आता धावण्याच्या ढबीकडे वळू. मी मंडळींना वरून खाली, असे एकेक अवयव घेऊन शिकवतो.

नजर पंधरा-वीस पावले पुढे असावी. पायांकडे पाहत धावले, की मान झुकते, मानेमागून पाठ झुकते आणि छाती आखडून श्वास अपुरा पडतो. आमच्या एक शिक्षिकाबाई फूटपाथवरच्या फरश्या मोजत धावाव्यात तशा धावत. ‘‘मास्तर, ठेच लागेल ना!’’ असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना सांगितले, ‘‘बाई, डोळे पुढं ठेवा. खड्डा तुम्हाला आधीच दिसेल, पायाखाली आल्यावर दिसून काय उपयोग?’’

खांदे कानांकडे चढू देऊ नयेत. ते चढले असे वाटले, की एक दीर्घ श्वास सोडून हात खाली झटकावेत. मूठ आवळू नये. मुठीत चिरोटा धरला आहे, तो पडता कामा नये आणि त्याचा चुराही होता कामा नये, इतकीच ती मिटलेली असावी. कोपर काटकोनात, हात पुढे-मागे हलावेत, ताक घुसळल्यासारखे पोटासमोर आडवे फिरू नयेत.

पाठ ताठ असावी, पण ताठरलेली नको. शरीर किंचित पुढे झुकलेले असावे. मात्र ते झुकणे घोट्यातून असावे, कमरेतून नव्हे. येथे बहुतेकांची गफलत होते. दिवसाचे आठ-नऊ तास आपण खुर्चीत काढतो आणि ती खुर्ची जणू पाठीला चिकटूनच मैदानावर येते. माणूस धावत असतो, पण कंबर बसलेलीच असते. यावर उपाय सोपा: धावण्याआधी सरळ उभे राहावे, डोक्याला कोणी वरून दोरीने ओढते आहे अशी कल्पना करावी आणि सबंध अंग घोट्यातून पुढे कलू द्यावे. तोल जातोसे वाटले, की पाऊल आपोआप पुढे पडते. तेच आपले पहिले पाऊल.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. पाऊल पडावे कुठे? शक्य तितके अंगाखाली. लांब ढांग टाकली म्हणजे वेग वाढतो, या समजुतीने पुष्कळजण पाय गुडघ्यातून सरळ करून पुढे फेकतात. असा पुढे पडलेला पाय ब्रेकचे काम करतो. दर पावलाला आपण स्वतःलाच थांबवतो आणि तो धक्का नडगीतून गुडघ्यात जातो. पाऊल टेकताना गुडघा थोडा वाकलेला आणि नडगी जवळजवळ उभी असावी.

‘अंगाखाली पाऊल टाका’ असे सांगून मात्र ते कोणाला जमत नाही. त्यासाठी एक युक्ती आहे: पावले मोजावीत. नेहमीच्या वेगाने धावताना उजवा पाय अर्ध्या मिनिटात किती वेळा पडतो ते मोजावे आणि त्याला चाराने गुणावे. ती आपली मिनिटाची पावले. १९८४ साली लॉस एंजल्सच्या ऑलिंपिकमध्ये जॅक डॅनियल्स या अमेरिकन प्रशिक्षकाने धावपटूंची पावले मोजली, तेव्हा जवळजवळ सगळ्यांची मिनिटाला १८० किंवा त्याहून अधिक भरली. तेव्हापासून १८० हा आकडा मंत्रासारखा जपला जातो. पण ते ऑलिंपिकचे वीर होते आणि शर्यतीच्या वेगाने धावत होते. आपण त्या आकड्याच्या नादी लागू नये. २०११ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे झालेल्या प्रयोगात असे दिसले, की वेग तोच ठेवून पावलांची संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली, तरी गुडघ्यावरचा भार हलका होतो. पावले वाढली म्हणजे ढांग आपोआप आखूड होते आणि पाय अंगाखाली येतो.

आमच्या गटातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा पाय अर्ध्या मिनिटात ३८ वेळा पडे. म्हणजे मिनिटाला १५२. हिशोबी माणूस! त्यांना १६० चे लक्ष्य दिले. नातवाने मोबाइलमध्ये तसा ठेका लावून दिला आणि ते रोज पाच-पाच मिनिटे त्या ठेक्यावर धावू लागले. लेझीम ज्याने खेळली आहे, त्याला ठेक्यावर पाऊल टाकणे काय कठीण? सहा आठवड्यांनी ते मला म्हणाले, ‘‘मास्तर, जिना उतरताना हल्ली कठडा शोधावा लागत नाही.’’

टाच की चवडा?

पाऊल टेकताना टाच आधी की चवडा आधी, या प्रश्नावर धावणाऱ्यांत अगदी हमरीतुमरी होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकली. चार वर्षांनी टोकियोत तो बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला. आपल्याकडेही शिवनाथ सिंग हे अनेकदा अनवाणीच धावत. १९७८ साली जालंधरला त्यांनी २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पुरी केली आणि तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला.

२०१० साली हार्वर्डचे प्राध्यापक डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की जन्मापासून अनवाणी धावणारे लोक बहुधा चवड्यावर किंवा मधल्या तळव्यावर उतरतात आणि त्यामुळे जमिनीचा पहिला दणका कमी बसतो. झाले! जगभर अनवाणी धावण्याची आणि पातळ तळाच्या बुटांची लाट आली. पण २०१३ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात असे पातळ बूट हळूहळू सवयीचे करू पाहणाऱ्या निम्म्या लोकांच्या पावलांच्या हाडांत दहा आठवड्यांत सूज दिसू लागली. जो आयुष्यभर बुटांत वावरला, त्याने एकदम बिकिला होऊ नये.

खरी गोम अशी, की भार नाहीसा होत नाही. भाडेकरूसारखा तो एका घरातून दुसऱ्या घरात जातो. टाचेवर उतरले, तर गुडघ्यावर अधिक येतो. चवड्यावर उतरले, तर पोटरीवर आणि टाचेमागच्या कंडरेवर. हाँगकाँगमध्ये ३२० नवशिक्या धावपटूंवर झालेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्यांना दोन आठवडे ‘हलके पाऊल टाका’ एवढेच शिकवले होते. वर्षभरात त्यांच्यात इजा होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी भरले. मात्र पोटरीच्या आणि टाचेमागच्या तक्रारी त्यांच्यातच जास्त निघाल्या. म्हणून ज्याला काही दुखत नाही, त्याने टाच-चवड्याच्या वादात पडू नये. ज्याला बदल करायचा आहे, त्याने महिने घेऊन करावा.

बुटांच्या बाबतीतही तेच. ‘तुमच्या तळव्याला अमुकच बूट लागेल,’ असे छातीठोकपणे सांगणारे दुकानदार पुष्कळ. अमेरिकन लष्करात तळव्याच्या ठेवणीप्रमाणे बूट देऊन पाहिले, तेव्हा त्याने इजा काही कमी झाल्या नाहीत. जो बूट घालताच पायाला सुखावह वाटतो आणि बोटांना पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवतो, तो आपला बूट.

झाटोपेकची मान

एवढे ऐकल्यावर काही मंडळी धावण्याची ढब म्हणजे नृत्याची मुद्रा समजतात आणि आरशात पाहून कवायत करू लागतात. त्यांना मी एमिल झाटोपेकची गोष्ट सांगतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये या चेकोस्लोव्हाकियाच्या वीराने पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके जिंकली, आणि मॅरेथॉन तर तो आयुष्यात प्रथमच धावत होता! पण त्याचे धावणे पाहवत नसे. मान एका खांद्यावरून दुसऱ्यावर लोळे, चेहरा असा वेडावाकडा होई की पाहणाऱ्याला वाटावे, याच्या पोटात कळ आली आहे. इंग्लंडची पॉला रॅडक्लिफही मान हलवत हलवत धावे आणि तिचा २००३ सालचा मॅरेथॉनचा विक्रम १६ वर्षे टिकला.

प्रत्येकाची हाडे निराळी, चाल निराळी. जे दुखत नाही आणि आड येत नाही, ते केवळ दिसायला वाईट म्हणून बदलू नये. ढब सुधारायची ती सौंदर्यासाठी नव्हे, दर पावलाचा धक्का हलका व्हावा म्हणून.

घरातली तालीम

चांगली ढब टिकवायला अंगात ताकद लागते. पहिला किलोमीटर सगळेच सरळ धावतात. पाचव्या किलोमीटरला जो सरळ राहतो तो खरा. २०१४ सालच्या एका डॅनिश आढाव्यानुसार बळ वाढवणाऱ्या व्यायामाने खेळातल्या दुखापती पुष्कळच कमी होतात. नुसते अंग ताणण्याने मात्र नाही. ऑस्ट्रेलियाच्या दीड हजार नव्या सैनिकांवर झालेल्या प्रयोगाचा २००० साली हाच निष्कर्ष निघाला: आधी पाय ताणल्याने इजा टळल्या नाहीत. तेव्हा धावण्यापूर्वी पाच मिनिटे झपाझप चालावे, पाय मोकळे हलवावेत, आणि निघावे.

बळासाठी महागड्या जिमची गरज नाही. आपल्या आखाड्यातल्या बैठका कशासाठी आहेत? आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटे: सावकाश वीस बैठका, जिन्याच्या पायरीवर कठडा धरून एका पायाने टाच वर-खाली, प्रत्येकी पंधरा वेळा, पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणे, म्हणजे सेतुबंधासन, आणि कोपरांवर फळीसारखे अंग धरून अर्धा मिनिट. महिन्याभराने त्यात दोन्ही पायांनी वीस-वीस हलक्या लंगड्या घालाव्यात. नातवंडे हसतील. हसू द्यावे, त्यांनाही खेळायला घ्यावे.

दुखणे काय सांगते

नवशिक्याचे अंग थोडे दुखणारच. पण दुखण्या-दुखण्यांत फरक असतो. दोन्ही मांड्या सारख्याच जड झाल्या आहेत आणि दोन दिवसांत मोकळ्या झाल्या, तर ते मेहनतीचे दुखणे. धावता धावता वाढत जाणारे, चाल बदलायला लावणारे, दुसऱ्या दिवशी सकाळी अधिक जाणवणारे दुखणे असेल, तर अंतर कमी करावे. आणि नडगीवर किंवा पावलावर एका बोटाने ‘इथं’ म्हणून दाखवता येते, दाबल्यावर कळ येते, रात्रीही ठणकते, असे झाले तर धावणे त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जावे. हाडाला बारीक चीर पडली असण्याची ती खूण असू शकते. तेल चोळून आणि गोळी घेऊन शर्यत उरकणारे मी पाहिले आहेत; त्यांची पुढली सहा महिन्यांची हौस त्या एका सकाळीत संपली.

वाचकहो, एवढे सगळे उद्या सकाळी आठवणार नाही, आणि आठवूही नये. एका वेळी एकच गोष्ट धरावी. उद्या फक्त कान उघडे ठेवा आणि आपल्या पावलांचा आवाज ऐका. धप धप असा आवाज येत असेल, तर ढांग आखूड करा, पावले थोडी भरभर टाका आणि आवाज हलका होतो का ते पाहा. तो हलका झाला, की पुढल्या आठवड्यात खांद्यांकडे लक्ष द्या, त्याच्या पुढल्या आठवड्यात नजरेकडे. अशा बेताने चाललात, तर संक्रांतीला आमच्या मैदानावर तिळगूळ घ्यायला आपण धावत याल, अशी मला खात्री आहे.